उजव्या चौकटीचा दगड

झर्का, ६ मार्च २०१६

त्या सकाळी मी उजाडायच्या आत कणीक मळून ठेवली, ती फुगेपर्यंत शेळ्यांचं दूध काढलं, अंगण झाडलं, तुझ्या दोन सदऱ्यांच्या कॉलरी घासल्या. मग बारा गोळे करून थापले आणि प्रत्येक रोटीवर माझी खूण केली. तीन बोटं ओळीनं दाबायची आणि त्यांच्या खाली नखानं एक कोर काढायची. सात घरांची भट्टी एकच होती. प्रत्येकीची खूण वेगळी असायची, नाहीतर कुणाची रोटी कुणाच्या घरात गेली म्हणून दुपारपर्यंत भांडण. भट्टीतून रोट्या परत आल्या तेव्हा बारा होत्या. खायला बसलो तेव्हा अकरा.

"नाएफ, एक रोटी कुठं गेली?"

"मला काय माहीत, वहिनी?"

"वीस वर्षांचा घोडा झालास. भूक लागली तर माग. चोरतोस कशाला?"

"अल्लाची शपथ, मी नाही घेतली."

"वर आणि शपथ घे!"

तुझा भाऊ मान खाली घालून ऑलिव्ह खात होता.  तू उपाशी उठलास आणि कॉलेजच्या बसला निघून गेलास. जाताना दार आपटलंस.

रोटी तू घेतली नव्हतीस. एकोणतीस वर्षांनी मी तुझी माफी मागते. या पत्रात तुला आवडेल असं एवढंच आहे, तेव्हा ते दोनदा वाच आणि मग पुढं वाच.

परवा मी हजलचा किल्ला बघून आले. तिकीट काढून.

आम्हाला किल्ल्यातून काढलं तेव्हा मी काय म्हणाले होते ते तुला आठवत असेल. तू बारा वर्षांचा होतास आणि कोंबड्यांची टोपली तुझ्या डोक्यावर होती. माझ्या स्वतःच्या घरात तिकीट काढून पाऊल टाकणार नाही, असं म्हणाले होते. सदतीस वर्षं टाकलं नाही. खाली सिमेंटच्या घरात राहिले, वर मान करून बघितलंही नाही. आता इथं भाच्याकडे राहते. शेजारची उम्म खलील महिला मंडळाची सहल काढत होती. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "बसमध्ये गुडघ्यांना काय काम असतं गं? बसून तर राहायचं." जागा एक कमी भरत होती, म्हणून मला भरलं. एवढंच.

तुझा किल्ला सुंदर झालाय. हे मी टोमणा म्हणून लिहिते आहे, हे कळावं म्हणून स्पष्ट सांगते. पायऱ्या इतक्या गुळगुळीत केल्यात की एकही बाई न घसरता वर आली नाही. बुरुजावर चार पुतळे उभे केलेत, शिपाई म्हणून. त्यांच्या दाढ्या फरशी पुसायच्या फडक्याच्या आहेत. कुठल्याशा पेटीतून तलवारींचा खणखणाट येतो, मधेच थांबतो, खरखरतो आणि पुन्हा पहिल्यापासून लढाई सुरू होते. जिथं शेजारच्या हलीमाच्या घरचं जळण असायचं त्याला 'शस्त्रागार' अशी पाटी. जिथं आम्ही शेळ्या बांधायचो तिथं 'सेनापतीचा दिवाणखाना'. शेळ्यांनी चाटून चाटून खालचा दगड जिथं खोलगट केलाय, तिथं पाटी म्हणते की सेनापती इथं गुडघे टेकून नमाज पढत असे. मी दोनदा वाचलं. मग मला हसू आलं, आणि उम्म खलीलनं माझ्या बरगडीत कोपर मारलं.

सात घरं इथं राहत होती, चूल पेटत होती, लग्नं लागली, माणसं मेली, याबद्दल एकही पाटी नाही. तुम्हा शिकलेल्यांच्या हिशेबानं शिपाई गेले आणि नंतर आठशे वर्षं इथं वारा राहत होता.

माहिती सांगायला एक मुलगी होती, डोळ्यांत काजळ, हातात छोटी काठी. आम्हाला तिनं तळघरातल्या विहिरीशेजारच्या खोलीपाशी आणलं. म्हणजे माझ्या घरापाशी. मी मागं उभी राहिले.

"आता किल्ल्यातला सगळ्यात मोठा खजिना," ती म्हणाली. "दाराच्या उजव्या चौकटीत बघा. हा दगड. यावर उस्तादाची खूण आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याची. तीन तारे आणि चंद्रकोर. आपल्या डॉक्टर नाएफनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय."

बायका पुढं सरकल्या.

"ज्यांना मूल होत नाही," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांनी या तीन खळग्यांत तीन बोटं ठेवून इच्छा धरायची. पुष्कळ बायकांना गुण आलाय."

"कुणाला आलाय?" मी विचारलं.

"हाज्जा, पुष्कळ जणींना."

"एकीचं नाव सांग."

"हाज्जा, तुमच्या वयात आता तुम्हाला कशाला हवं?" ती हसली. सगळ्या हसल्या. उम्म खलील तर सगळ्यात मोठ्यानं.

मी पुढं गेले आणि तीन बोटं ठेवली. नाएफ, ती बसली. सैल नाही, घट्ट नाही. मधलं बोट माझं लहानपणी दारात चेंगरलं होतं, ते जरा वाकडं आहे. मधला खळगा तेवढाच वाकडा आहे. खाली कोर. तीही माझ्या नखाची, उजवीकडं जास्त खोल, कारण मी तसंच दाबते.

मला मूल झालं नाही हे तुला सांगायला नको. त्या मुलीला सांगावंसं वाटलं होतं की याच तीन बोटांनी मी रोज सकाळी बारा वेळा असंच दाबत आले, आणि गुण येत नाही.  दगडावर हात ठेवून उभी होते. मागची बाई म्हणाली, "आता दुसऱ्यांना पण बघू द्या की."

तुझ्या भावानं, औदानं, तिथं डागडुजीचं काम केलं तेव्हाची गोष्ट तू विसरला नसशील. तो परदेशी इंजिनिअर सगळ्या गवंड्यांना सांगायचा की नवा दगड जुन्यापेक्षा वेगळा दिसला पाहिजे, बोटभर आत बसवा, तोंड सपाट ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की हा आजचा. औदा घरी येऊन चिडायचा. "मी मुद्दाम वाईट घडवू? माझ्या बापानं मला वाईट घडवायला शिकवलंच नाही." मग एके दिवशी तो चिडायचा थांबला. आणि त्याच आठवड्यात माझी एक रोटी गेली. आता मला कळतंय, ती कुठं वाळत ठेवली होती आणि कुणी मोजून मोजून दगडात उतरवली.

त्यानं घडवलेला दगड इतका चांगला होता की तुम्ही सगळे फसलात.

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. ती पाटी काढ आणि तिथं तुझ्या भावाचं नाव लाव. औदा, गवंडी, आणि साल.

आणि एक विचारायचं आहे. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून तू माझ्या हातची रोटी खाल्लीस. तुला ती खूण ओळखू आली नाही?

वस्फिया

*

झर्का, १५ मार्च

फोन करू नकोस असं मी लिहायला हवं होतं. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात उलट असतं, म्हणून मला पत्र बरं वाटतं. तेव्हा मंगळवारी तू जे बोललास ते आधी इथं मांडते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीनं चुकीचं ऐकलं.

तू म्हणालास, "वहिनी, रोटीवर काय असतं ते कोण बघतं? माणूस रोटी खातो."

तू म्हणालास की पुढच्या महिन्यात राजधानीतून मंडळी येणार, किल्ल्यात संग्रहालय उघडणार, तुला त्याचा प्रमुख नेमणार, पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार, आणि मुखपृष्ठावर तोच दगड आहे.

आणि मग तू आवाज मऊ केलास. लहानपणी कोंबडीनं अंडं फोडलं असं सांगायला यायचास तेव्हा हाच आवाज असायचा. "वहिनी, नियम तुला माहीत नाही. जुन्यासारखा दिसणारा नवा दगड सापडला तर तो भिंतीत ठेवत नाहीत. गेल्या वर्षी पूर्वेच्या बुरुजातले सहा काढले. तू खरं सांगितलंस तर भाऊचं नाव लागणार नाही. भाऊचा दगड निघेल. तिथं कोरा ठोकळा बसेल. गप्प राहिलीस तर त्याच्या हातचं काम अजून आठशे वर्षं राहील."

हे सांगताना तुला वाटलं असेल की मी रडेन. मी भाजी निवडत होते. ती निवडून झाली.

तुझं पुस्तक मी आता वाचलंय. आठ दिवस लागले. मला वाचायला कुणी शिकवलं नाही हे तुला माहीत आहे. तू धडे घोकायचास आणि मी समोर बसून मसूर निवडत उलट्या बाजूनं अक्षरं बघायची. अजूनही पुस्तक उलटं धरलं तरी वाचता येतं. तुझं पुस्तक दोन्ही बाजूंनी सारखंच कळतं. चार पानं वाचल्यावर लक्षात येतं की तीन ओळींचं सांगायचं होतं. एकशे बाराव्या पानावर तू लिहिलंयस की मधल्या खळग्याचा वाकडेपणा हा 'उस्तादाचा हेतुपूर्वक संकेत' आहे. माझं बोट दारात चेंगरलं होतं, नाएफ. तेव्हा मी चार वर्षांची होते. माझा काही हेतू नव्हता.

हे पुस्तक तू आम्हाला पाठवलं होतंस, औदाच्या शेवटच्या उन्हाळ्यात. तेव्हा त्याला दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती, छातीत दगडाची भुकटी भरलेली. त्याला वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघत होता. एका पानाशी थांबला आणि हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता निळा पडला. मी पाठ चोळत होते.

"काय झालं एवढं हसायला?"

"माझा भाऊ मोठा विद्वान झाला," तो म्हणाला. मग दम घेतला. "तू एकदा वर जाऊन ये."

"कुठं वर?"

"आपल्या घरी. दारापाशी."

मी काय म्हणाले ते लिहायचं नव्हतं. पण तुला सगळं लिही म्हणून सांगते आणि स्वतः लपवते, हे बरोबर नाही. मी म्हणाले, "तिकीट काढून? तुझी छाती ज्यांनी खाल्ली त्यांना वर पैसे देऊ?"  हे पहिल्यांदा नव्हतं. एकोणनव्वद साली काम संपलं तेव्हाही त्यानं सांगितलं होतं, ये बघायला, एक गंमत आहे. नंतर ईदला. नंतर एकदा पाऊस थांबल्यावर, वाटेच्या दोन्ही बाजूंनी मोहरी फुलली होती तेव्हा. दर वेळी मी तेच म्हणाले, आणि दर वेळी मला वाटलं की मी फार ठाम बाई आहे. वीस वर्षांत मला दोनशे पावलं चढता आली नाहीत.

त्यामुळं तुला जेवढं बोलते तेवढंच मला स्वतःलाही बोलायला हवं. पण तुझ्याकडं डॉक्टरकी आहे, बोलणी तू आधी घे.

तू म्हणशील, भाऊ स्वतः गप्प राहिला, मग तू का बोलतेस? तो तुझ्यासाठी गप्प राहिला. त्यानं जे सांगायचं ते मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं. आता ऐकलंय.

पाटीचं काय करतोस ते कळव. पत्रानं.

वस्फिया

*

झर्का, २२ मार्च

पत्र आलं नाही. म्हणून मीच लिहिते, थोडक्यात, कारण काल पीठ चाळताना एक गोष्ट लख्ख आठवली.

औदा गेला तेव्हा मातमाच्या तिसऱ्या दिवशी तू आलास. शेजारणी तीन दिवस जेवण आणत होत्या, मला काही करू देत नव्हत्या. तरी त्या दिवशी मी कणीक मळली, कारण हात रिकामे ठेवता येईनात. तू पुरुषांमध्ये बसून मग स्वयंपाकघराच्या दारात मला भेटायला आलास. माझा हात डोक्याला लावलास. रडलास, ते खरं रडणं होतं, मी ओळखते. मी म्हणाले, "खाऊन जा." तू बसलास, फडकं बाजूला केलंस, रोटी उचललीस.

आणि ठेवलीस. उलटी करून ठेवलीस, खूण खाली करून. "वहिनी, मला निघायला हवं, वर्ग आहे," असं म्हणालास. तेव्हा शुक्रवार होता, सुट्टीचा.

दहा मिनिटं होतास तू. त्यानंतर सात वर्षं नाही. ना ईदला, ना मी घर बंद करून झर्क्याला आले तेव्हा. मी सगळ्यांना सांगत राहिले की मोठ्या माणसाला वेळ नसतो, आणि मनात म्हणायची की गवंड्याची विधवा त्याला लाजिरवाणी वाटते. तुझ्याबद्दल वाईट विचार करायचा तर मी पुरता केला असं मला वाटत होतं. तो कमीच पडला.

"रोटीवर काय असतं ते कोण बघतं," असं म्हणालास ना मंगळवारी? तू बघितलंस. पुस्तक छापून सहा महिने झाले होते आणि तुला त्या दिवशी कळलं. तेव्हा तू दोन गोष्टी करू शकला असतास. मला सांगू शकला असतास. मी तेव्हा कुणालाच काही बोलले नसते, मला बोलायची शुद्ध नव्हती. किंवा विद्यापीठात सांगू शकला असतास की चूक झाली. चूक कुणाचीही होते. तुझा भाऊ कामातच इतका पक्का होता की फसण्यात लाज नव्हती.

तू तिसरी गोष्ट केलीस. मला टाकलंस. कारण माझ्या घरी आलं की रोटी खावी लागते.

उत्तर या आठवड्यात हवं.

वस्फिया

*

हजल, २८ मार्च

शनिवारी तू आलास ते चांगलं केलंस. पण दोन मोठी माणसं बरोबर घेऊन आलास, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक माजी महापौर, तेव्हाच मला कळलं की तू मला भेटायला आलेला नाहीस. दिराला भावजयीला भेटायला न्यायाधीश लागत नाही.

माझा भाचा अदनान बिचारा टायरच्या दुकानातून तसाच आला होता, नखांत काळं. त्यानं आयुष्यात घरी न्यायाधीश बघितला नव्हता. धावत जाऊन शेजारून कॉफीचे चांगले फिंजान आणले. त्याची बायको आतून मला म्हणाली, "आत्या, तुमचा अबोला मिटवायला आलेत वाटतं. आता ताणू नका हं."

कॉफी ओतली. तुम्ही तिघांनी घेतली आणि तिघांनी तशीच समोर ठेवली. ओठाला लावली नाही. मी दारात बसले होते, मला दिसलं. पाहुण्यानं फिंजान खाली ठेवला की मागणं आलं, आणि मागणं मान्य झाल्याशिवाय तो पिणार नाही. खून झाला, मुलगी मागायची असली, तर असं करतात. तू हे एका पाटीसाठी केलंस.

आणि माझ्या भाच्यानं काय केलं? न्यायाधीशांनी घसा साफ केला, 'बिस्मिल्ला' म्हणाले, एवढंच, मागणं अजून तोंडातच होतं, तोवर हा छातीवर हात ठेवून बोलून गेला, "कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते तुमचं झालं." त्याच्या बापाच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेलं वाक्य. आपोआप आलं. त्याला वाटलं, समेट करायचाय, त्यात कसला विचार करायचा.

तिघांनी एका घोटात कॉफी संपवली. तू इतक्या घाईनं प्यायलास की तुझी जीभ भाजली. मी बघितलं.

मग न्यायाधीश म्हणाले, "अल्ला या घराला बरकत देवो. मागणं एवढंच होतं, की हाज्जा किल्ल्यातल्या त्या दगडाबद्दल कुणाशी बोलणार नाहीत. आता घराचा शब्द मिळाला आहे."

अदनाननं माझ्याकडं बघितलं. "कुठला दगड?"

"तुला माहीत नाही ना?" मी म्हणाले. "मग झालं. घर अदनानचं, कॉफी अदनानची, शब्दही त्याचा. तो त्या दगडाबद्दल कुणाला काही सांगणार नाही. त्याला तो कुठं आहे हेच ठाऊक नाही."

महापौरांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

"हाज्जा, शब्दांचा खेळ नको," न्यायाधीश म्हणाले.

"खेळ मी मांडलेला नाही, साहेब. मी दारात बसले होते."

तेव्हा तू बोललास. सगळ्यांसमोर मला 'हाज्जा' म्हणालास, वहिनी नाही. "हाज्जा, तुम्ही याच छपराखाली राहता. या घराचं मीठ खाता. अदनानचा शब्द तुमच्यावर नाही असं कसं म्हणता येईल? उद्या त्यानं लोकांत तोंड कसं दाखवायचं?"

ते खरं होतं. तेवढं तुझं मी मान्य केलं. तुला वाटलं, संपलं. निघताना तू मागं राहिलास. मी फिंजान गोळा करत होते.

"वहिनी," तू म्हणालास, हळू आवाजात, "भाऊचा दगड राहील ना आता. मी रोज बघेन त्याच्याकडं. माझं ऑफिस त्याच खोलीत करणार आहे."

"माझ्या घरात?"

"तसं नव्हतं म्हणायचं."

"तुला त्या दिवशी रोटी बघून कळलं होतं ना?"

तू दाराकडं बघितलंस. मग म्हणालास, "हो."

"हे तू पत्रात लिहून पाठवलं असतंस तर तुला न्यायाधीश आणावा लागला नसता."

"मग काय केलं असतंस?"

हे मी खरं सांगते: मला माहीत नाही. कदाचित एक रोटी बांधून दिली असती आणि म्हणाले असते की संग्रहालयाचा प्रमुख हो, अल्ला तुझं भलं करो. मी कठीण बाई आहे, पण तुला मी वाढवलंय. तुझ्या सदऱ्यांच्या कॉलरी घासल्या आहेत. तू येऊन माझ्यासमोर खरं बोलला असतास तर मी कदाचित खोटं सांभाळलं असतं. तू मला बांधायला आलास. ज्यांच्याशी वैर असतं त्यांना बांधतात.

दगडाबद्दल मी रविवार उजाडेपर्यंत विचार केला. तू सांगितलंस ते घाबरवायला सांगितलंस, पण खोटं सांगितलं नाहीस, हे मी चौकशी करून बघितलंय. काढतील ते. तिथं कोरा ठोकळा बसवतील, बोटभर आत, तोंड सपाट, जसं त्या परदेशी माणसाला हवं होतं. औदानंही नियम मोडला होता. तो साधू नव्हता, त्याला सगळ्यांना फसवायचं होतं आणि ते साधलं याचा त्याला आनंद होता. हे मी लपवणार नाही. पण त्यानं तो दगड तुझ्या पुस्तकासाठी केला नाही, बोटं घालून मुलं मागणाऱ्या बायकांसाठी केला नाही, आठशे वर्षांसाठी तर मुळीच नाही. मी कणकेची परात घेऊन ज्या चौकटीला टेकायची, तिथं माझ्या खांद्याच्या उंचीवर त्यानं तो मला दाखवायला बसवला. मी उशिरा बघितला, पण बघितला. दगडाचं काम झालं. आता तो निघाला तरी चालेल.

जे कधीच नव्हतं त्या उस्तादाचं नाव मात्र त्याच्यावर राहता कामा नये.

रविवारी सकाळीच मी माझ्या दोन पिशव्या भरल्या आणि अदनानला सांगितलं की आजपासून मी या घरची नाही, तेव्हा तुझा शब्द तुझ्यापाशी शाबूत आहे. तो रडला, त्याची बायकोही रडली, उम्म खलील जिन्यापर्यंत ओरडत आली, "अगं, गुडघ्यांचं काय?" सातच्या बसनं निघाले. हजलला उतरून आमच्या सिमेंटच्या घराचं कुलूप तेल घालून उघडलं, एक खोली झाडली, पिशव्या ठेवल्या. मग वर चढले. तिकिटाच्या खिडकीवर सांगितलं की किल्ला बघायचा नाही, पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना भेटायचंय. साहेब तरुण होता. त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाला, "हाज्जा, वाचून दाखवतो." मी म्हणाले, मी वाचते. त्यानं लिहिलं होतं, 'सदर बाईंना असं वाटतं, की हा दगड त्यांच्या पतीनं घडवला.' मी त्याला 'बाईंना असं वाटतं, की' एवढं खोडायला लावलं, आणि खाली सही केली.

वस्फिया